लाल शाईतलं ‘येते’

टॅम्पिनीस, सिंगापूर
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय उल्हास,

सप्रेम नमस्कार.

तुझं कुरियर मंगळवारी पोचलं. अठ्ठावन्न पानं, आणि प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात तुझी पेन्सिलीची बारीक खूण. संगणकावर मुद्रितं तपासणं म्हणजे काचेवरून नाडी बघणं, हे तुझं मत निवृत्तीनंतरही बदललेलं नाही, हे पाहून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. उकाडा बाराही महिने सारखाच, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. स्वानंदी दर रविवारी चोआ चू कांगहून येते, आठवड्याचे डबे फ्रिजमध्ये लावते, झाकणांवर इंग्रजीत वार लिहिते. मी म्हणतो, मराठीत लिही, मला वाचता येतं. ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणते, ‘बाबा, कॅन रीड कॅन ईट लाह.’ वाचता आलं की खाताही येतं. मुलीपुढे माझं वक्तृत्व चालत नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पुस्तकाच्या शेवटी मूळ कवयित्रीची ओळख हवी. आणि शेवटच्या कवितेतला शेवटचा शब्द ‘जाते’ छापायचा की ‘येते’, ते हवं. विनीताच्या अनुवादाच्या वहीत निळ्या शाईतलं ‘जाते’ खोडून वर लाल शाईत ‘येते’ लिहिलंय, आणि चौदा तारखेला छपाईला द्यायचंय.

आधी ओळख. ही जशीच्या तशी छाप.

लेह्ते कूस्क यांचा जन्म १९४१ सालचा, दक्षिण एस्टोनियातल्या एका खेड्यातला. साऱ्या देशाची वस्ती पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्या आठ वर्षांच्या असताना वडिलांना सैबेरियात नेलं. आईने मुलीला एकच शिकवण दिली, बोलू नकोस. ती मुलगी नटी झाली. टालिनच्या नाट्यशाळेतून बाहेर पडल्यावर पंधरा वर्षं त्यांनी रंगभूमी गाजवली. राणी केली, मोलकरीण केली, वेडी केली. मग सिनेमे आले. ते सिनेमे साऱ्या सोव्हिएत संघात रशियनमध्ये डब होऊन लागत. म्हणजे कोट्यवधी लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या चेहऱ्यातून दुसऱ्याच बाईचा आवाज ऐकला.

नवरा दिग्दर्शक होता. तालमीत तो त्यांना दर वाक्याला थांबवायचा. एका मुलाखतीत त्या म्हणाल्या आहेत, ‘कविता लिहिताना कुणी माझी तालीम घेत नाही, म्हणून मी कविता लिहिते.’ चाळिशीनंतर भूमिका आटल्या. आई, शेजारीण, मग रेडिओवरचा नुसता आवाज. कवितांचे पाच लहान संग्रह निघाले. सत्तरीत एका सिनेमात त्यांनी खिडकीशी बसून बटाटे सोलणारी म्हातारी केली. त्या भूमिकेला एकही वाक्य नव्हतं, आणि आयुष्यातला सर्वांत मोठा पुरस्कार त्यांना त्याच भूमिकेसाठी मिळाला. २०१९ साली त्या वारल्या.

ही झाली ओळख. आता शब्द.

‘येते’ ठेव. कारण सांगतो. भाषा म्हणजे शब्दकोश नव्हे. भाषा म्हणजे दारात उभं राहून माणसं काय बोलतात ते. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जायचं ते एकदाच, आणि त्या वेळी बोलायला तो उरत नाही. जगातल्या फार थोड्या भाषांनी निरोपातून निरोपच काढून टाकलाय, आणि त्यांत आपली एक आहे. परकी कविता मराठीत आणायची तर तिला आपल्या उंबऱ्याचे रिवाज पाळावे लागतील. शिवाय मूळ एस्टोनियन शब्दाला जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही छटा आहेत. तेव्हा शंका नको.

प्रकाशनाच्या दिवशी मी बोलावं असं तू लिहितोस. चाळीस मिनिटं पुरतील.

तुझा लोभ आहेच, तो राहावा.

पद्माकर


टॅम्पिनीस
रविवार, ९ मार्च

उल्हास,

तुझं उत्तर फोनवर एका ओळीत आलं. ‘पद्माकरराव, मी व्याकरण विचारलं नव्हतं. शाई कुणाची, ते विचारलं होतं.’

शाई माझी.

एवढं लिहायला आठवडा गेला. या हाताने वृत्तपत्रांना शेकड्यांनी पत्रं लिहिली, मंत्र्यांना लिहिली, विद्यापीठांना लिहिली, त्यांत एकदाही अडलो नाही. ही दोन शब्दांची ओळ चार कागदांवर सुरू केली आणि चारही फाडले.

आधी तुझ्या मनात पंचवीस वर्षं आहे ते मीच बोलतो. १९९९ साली तुझ्या बहिणीच्या, विनीताच्या, नव्या नाटकाचे बारा प्रयोग लागले होते. राज्य नाट्य स्पर्धेतलं रौप्यपदक होतं, एक सिनेमा झाला होता, एक कवितासंग्रह निघाला होता. त्याची मुद्रितं तूच तपासली होतीस. मला बँकेने इथे रुजू व्हायची तारीख दिली. मी म्हणालो, रंगमंच काय, सिंगापुरातही असतो. तू दारात उभा राहून म्हणालास, ‘पद्माकरराव, तो लाकडाचा असतो हो. माणसं इथे आहेत.’ मी तुला लहान भाषा आणि मोठं जग यावर काहीतरी ऐकवलं होतं. काय ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल.

इथे तिला महाराष्ट्र मंडळाचं गणेशोत्सवातलं बालनाट्य मिळालं. पंचवीस वर्षं. मुलांच्या तोंडी घालायचे संवाद ती लिहायची आणि मी ते सुधारायचो.

मग तीन वर्षांपूर्वी इथल्या वाचनालयात तिला काद्री ही एस्टोनियन बाई भेटली. काद्रीचा नवरा इथे पैसे पाठवण्याच्या कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर. ती घरी कंटाळलेली, आणि बॅगेत लेह्ते कूस्कचं पुस्तक. दोघी गुरुवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, पंख्याखाली कोपी म्हणजे इथली कॉफी घेऊन बसायच्या. काद्री एक ओळ एस्टोनियनमध्ये म्हणायची, मोडक्या इंग्रजीत समजवायची. विनीता ती पुन्हा म्हणायला लावायची, दहा दहा वेळा, नुसता नाद ऐकायला. मग मराठीत लिहायची, निळ्या शाईत. घरी आली की तिचा चेहरा मी पूर्वी तालमीनंतर पाहायचो तसा असायचा. मी तो पाहिला आणि मला काय सुचलं? मला व्याख्यानाचा विषय सुचला.

‘एस्टोनियन नटी आणि कवयित्री: एक कारकीर्द’. मुंबई, पुणे, दुबई, ऑनलाइन कुठे कुठे, सहा वेळा दिलं ते. मागच्या पत्रात पाठवलेली ओळख म्हणजे त्याच व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं. त्यातलं एक वाक्यही माझं नाही. सगळं गुरुवारी कोपीच्या टेबलावर वेचलेलं.

आता त्या कवितेबद्दल. तुझ्यासमोर वही आहे, पण मला ती लिहू दे.

दिवे मालवा.
चेहरा पुसून झाला.
टोप खुंटीला राहू दे,
बसेल कुणाला तरी.
हाक आलीच तर सांगा,
ती इथे नव्हतीच.
जाते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने मला ही वाचून दाखवली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चहा समोर ठेवून. खूश होती. म्हणाली, ‘अहो, त्यांच्या भाषेत भविष्यकाळच नाही, माहितीय? जातेय म्हणा, जाणार आहे म्हणा, शब्द एकच. आणि आपलं जाते, तेही तसंच. दोन्हीकडे नेमकं बसतं. असं कधी जुळतं का?’

मी म्हणालो, ‘मराठी बाई दारात जाते म्हणत नाही.’

‘ती कुठे मराठी बाई आहे?’

‘कविता आता मराठी आहे ना?’

‘पण ती खरंच चाललीय हो. परत येणार नाही म्हणून तर केसांचा टोप ठेवतेय. टोप ठेवून निघालेली नटी येते कशाला म्हणेल?’

बिनतोड होतं, उल्हास. मी नाटक केलेलं नाही, तरी कळलं. आणि कळल्यावर मी बोलायला लागलो. उंबरा, रिवाज, भाषेची सभ्यता, तुला गेल्या रविवारी लिहिलं ते सगळं, आणि त्याच्या चौपट. खिशातलं लाल पेन केव्हा निघालं ते मलाही कळलं नाही. तिच्या वहीत, तिच्या शब्दावर मी रेघ मारली आणि वर ‘येते’ लिहिलं. शिरोरेषा ठसठशीत काढली.

तिने वहीकडे पाहिलं. मला वाटलं, भांडेल. ती कप उचलून म्हणाली, ‘झालं? चहा निवला. असू दे.’

तिच्या पोटातल्या गाठीचं निदान होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. मला ‘जाते’ हा शब्द त्या दिवसांत सहन होत नव्हता, भीती वाटत होती, असं तुला लिहिलं तर तू मला माफ करशील. वर्षभर मी स्वतःला तेच सांगतोय. पण मी घाबरलेलो नव्हतो. मला जिंकायचं होतं, एवढंच.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली सत्तावीस फेब्रुवारी, मंगळवार. तोच मराठी भाषा दिन. संध्याकाळी सातला बुकित बातोकच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. मी म्हणालो, पुढे ढकलू का? विचारताना माझ्या हातात निमंत्रणपत्रिका होती. ती म्हणाली, ‘कशाला? तिथे बसून तुम्ही डॉक्टरांनाच चार शब्द सुनावाल. काद्री येतेय माझ्याबरोबर. तुम्ही आपलं बोला.’ मी हसलो. आणि मानलं. किती पटकन मानलं, ते फक्त मला ठाऊक आहे. स्वानंदी कामासाठी झुरिकला गेली होती. तिला हिने धड सांगितलंच नव्हतं, किरकोळ आहे म्हणाली होती.

सकाळी साडेसातला काद्री खाली टॅक्सी घेऊन उभी. विनीताने छोटी चाकांची बॅग घेतली. मी टेबलाशी टिपणांना नंबर घालत होतो. दारातून ती म्हणाली, ‘जाते हं.’

मी मान वर न करता म्हणालो, ‘येते म्हणावं.’

लोखंडी गेट लागलं. लिफ्टची घंटा वाजली. ‘येते’ ती म्हणाली नाही. रुसली, असं वाटलं मला. आणि मी अकरा नंबरचं टिपण बाराच्या खाली गेलं होतं ते वर घेतलं.

हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही. तू अंत्यविधीला आलास, त्या दिवशीही नाही. तुला सांगितलं होतं की शस्त्रक्रिया चालू असतानाच ती गेली, कुणालाच काही करता आलं नाही. ते खरं नाही. शस्त्रक्रिया नीट झाली होती. चार वाजता काद्रीचा निरोप आला, ‘ऑल वेल. शी इज अवेक. यू कॅन कम.’

चार वाजता, उल्हास. टॅक्सीने वीस मिनिटं. तिच्याजवळ तासभर बसून सातला हॉलवर पोचता आलं असतं, नसतो पोचलो तर काय बिघडलं असतं? हे बेट ते केवढं! मी सदरा इस्त्री करत होतो. मनात म्हणालो, व्याख्यान करून जाऊ, म्हणजे कसं झालं ते सांगताही येईल.

ती जवळजवळ चार तास जागी होती. काद्रीने मला नंतर सगळं सांगितलं. दोनदा वेळ विचारली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सात वाजून गेले होते. ‘म्हणजे सुरू झालं असेल,’ ती इंग्रजीत म्हणाली, आणि मग मराठीत काहीतरी. पावणेआठला तिचं हृदय थांबलं. धावाधाव झाली, पण उपयोग झाला नाही.

पावणेआठला मी काय करत होतो? मी घड्याळ बघून बोलतो, त्यामुळे मला नक्की सांगता येतं. मी व्याख्यान संपवत होतो. शेवटी ती कविता म्हटली. ‘ती इथे नव्हतीच’ नंतर तीन सेकंद थांबलो, आणि म्हणालो, ‘येते.’ सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी विचारलं, ‘अनुवाद कुणाचा, सर?’ मी म्हणालो, ‘घरचाच आहे.’ सगळे हसले. टाळ्या पुन्हा वाजल्या. तिचं नाव मी घेतलं नाही.

फोन सव्वाआठला चालू केला.

मराठी टिकली पाहिजे म्हणून मी चाळीस वर्षं घसा कोरडा केला. परदेशात मराठी माणसाशी मराठीतच बोला, हे माझं ब्रीद. आणि मराठी भाषा दिनाच्या दिवशी माझी बायको गेली तेव्हा तिच्याजवळ मराठी कळणारं एक माणूस नव्हतं. मराठी कळणारा माणूस बेटाच्या दुसऱ्या टोकाला मराठीवर बोलत होता.

तेराव्यानंतर काद्री घरी आली. वही घेऊनच आली, विनीताने ती बॅगेत नेली होती. सोफ्याच्या कडेला बसली. म्हणाली, ती शेवटी मराठीत बोलली तो शब्द मला लक्षात राहिलाय, नादावरून. तिने तो हळूहळू म्हणून दाखवला, माझ्या बायकोने तिचे शब्द म्हणून पाहिले असतील तसाच. ‘असू दे.’ याचा अर्थ काय, तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. ‘लेट इट बी’ म्हणालो. ‘नेव्हर माइंड’ म्हणालो. ‘इट इज ऑल राइट’ म्हणालो. प्रत्येक वेळी ती मान हलवून माझ्याकडे बघत राहिली, पुढे काहीतरी असेल म्हणून. पुढे काही नव्हतं. मला त्याचा अर्थ माहीत आहे. आयुष्यभर माझ्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तो शब्द ऐकला आहे मी. पण त्याचं भाषांतर माझ्याच्याने होत नाही.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की मूळ शब्दाला येण्याचीही छटा आहे. ते मी रचलं. त्याच दिवशी काद्रीला विचारलं होतं मी, अगदी भीक मागितल्यासारखं, की त्या शब्दात परत येण्याचं काही, थोडंसं तरी, कुठे आहे का? तिने पुस्तक उघडून ओळ मनाशी वाचली. म्हणाली, ‘नो. आय ॲम सॉरी. इट इज ओन्ली गोइंग.’

तेव्हा आता लिहून घे. शेवटचा शब्द ‘जाते’. त्यापुढे पूर्णविराम, तो वहीत तिने दिलेला आहे, माझ्या रेघेखाली अर्धा दिसतो. मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून फक्त तिचं नाव, माहेरचं लावायचं की सासरचं ते तू ठरव. तुझ्या ऋणनिर्देशात ‘पद्माकररावांच्या मार्गदर्शनाने’ असं आहे, ती ओळ काढ. ओळखीचं पान मात्र ठेव, ते तिचं आहे. ‘कुणी माझी तालीम घेत नाही, म्हणून मी कविता लिहिते’ हे वाक्य मी सहाही वेळा टाळ्या घेऊन म्हटलं आणि एकदाही अडखळलो नाही. काल रात्री जेवताना ते आठवलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

प्रकाशनाला मी बोलणार नाही. येईन की नाही तेही आज सांगता येत नाही. आलो तर मागे बसेन. कविता तू वाच. तुझा आवाज लहान आहे, तेच बरं. शेवटच्या शब्दाआधी थांबू नकोस.

आपल्याकडे कुणी ‘येते’ म्हटलं की घरातल्या माणसाने वर बघून ‘ये’ म्हणायचं असतं. रिवाजाचा तो दुसरा अर्धा भाग मी कुठल्याच व्याख्यानात सांगितला नाही. त्या सकाळी ती माझ्या मनासारखं ‘येते’ म्हणाली असती, तर मी वर बघितलं असतं का? वर्षभर विचार करतोय. बघितलं असतं असं वाटत नाही.

हल्ली खाली दूध आणायला जाताना गेटाला कुलूप लावतो, तेव्हा सवयीने ‘येतो’ निघून जातं तोंडातून. आत कुणी नसतं.

खाली ‘लोभ असावा’ लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसेलच तुला. ही रेघही माझीच.

कळावे.

पद्माकर